मिसळ पार्टी (नाशिक)

नाशिक शहरात व लगतच्या परिसरात मित्रमंडळींनी सुट्टीच्या दिवशी, बहुधा रविवारी सकाळी, ठरवून एकत्र जमण्याची, मिसळ खाण्याची आणि त्या निमित्ताने गप्पांची बैठक जमवण्याची प्रथा ‘मिसळ पार्टी’ या नावाने ओळखली जाते. मिसळ महाराष्ट्रात सर्वत्र मिळते आणि कोल्हापूर व पुणे ही शहरेही तिच्यावर हक्क सांगतात. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. एकट्याने मिसळ खाऊन कामाला लागणारे लोक नाशकातही पुष्कळ आहेत, परंतु भेटायचे ठरले की प्रथम मिसळीचेच नाव निघावे, ही सवय या शहराच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे.

नाशिकच्या मिसळीत मोड आलेल्या मटकीची उसळ व शेव ताटलीत, रस्सा वेगळ्या वाटीत आणि सोबत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, पापड, दही व लादी पाव अशी मांडणी सामान्यतः असते. भाजलेला कांदा, सुके खोबरे व गरम मसाला वाटून केलेला काळा रस्सा आणि मिरचीची तर्री मिरवणारा लाल रस्सा असे दोन पंथ असून दोन्हींचे अनुयायी तितकेच हट्टी आहेत. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतो, म्हणून वाटीवरचा लाल तवंग काढून टाकल्यास मिसळीचा निम्मा जीवच जातो. त्याच कारणाने तोंड पोळल्यावर पाण्याचा फारसा उपयोग होत नाही. दह्यातील प्रथिने मात्र तिखट शमवतात, त्यामुळे ताटातील दह्याची वाटी केवळ शोभेची नसते. सराईत खवय्या पापड चुरून उसळीवर पसरतो, त्यावर बेताचाच रस्सा ओततो आणि शेव मऊ पडण्याआधी पहिला घास घेतो. सगळा रस्सा एकदम ओतणाऱ्याला नवखा समजले जाते.

बैठक लांबण्याचे मूळ या वाढण्याच्या पद्धतीतच आहे. अनेक ठिकाणी रस्सा पुन्हा मागितला तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, जादा पावाचे मात्र पडतात. पाव शिल्लक असताना रस्सा संपतो, रस्सा आला की पाव संपलेला असतो, आणि हा हिशेब जुळेपर्यंत गप्पांना वेळ मिळत जातो. त्यानंतर चहा किंवा ताक येते. काही ठिकाणी जिलेबीही असते. खर्च टी.टी.एम.एम., म्हणजे तुझे तू माझे मी, या तत्त्वावर वाटला जातो. नवी गाडी, नोकरीतील बढती किंवा वाढदिवस असेल तर तो त्या एकाच्या माथी मारण्याचा मित्रांचा हक्क निर्विवाद मानला जातो.

गप्पांचे विषय शहराच्या ऋतूंप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात गंगापूर धरणात किती टक्के पाणी झाले आणि गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, हा मुख्य विषय असतो. पुराची पातळी या मूर्तीवरून मोजण्याची नाशिककरांची जुनी पद्धत असून पूर पाहून परस्पर मिसळ खायला जाणे हाही दिनक्रमाचाच भाग ठरतो. थंडीत द्राक्षबागांवरील धुके व अवकाळी पावसाची धास्ती, जानेवारीपासून द्राक्षाचा भाव आणि लासलगावच्या बाजारातील कांद्याचा दर तर बारमाही. सिंहस्थ जवळ आला की रस्त्यांच्या कामांवर सगळ्यांचेच तोंड सुटते.

पूर्वी ही बैठक जुन्या शहरातील छोट्या हॉटेलांत भरत असे, तर सातपूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात पाळीवरून सुटणारे कामगार मिसळीचे हक्काचे गिऱ्हाईक होते. पुढे शहर गंगापूर रोड व मखमलाबादच्या बाजूने पसरले तशी मळ्यातली, द्राक्षबागेलगतची आणि चुलीवरची मिसळ देणारी ठिकाणे वाढली. तेथे गाड्या लावायला जागा, मुलांसाठी झोपाळे आणि झाडाखालची बाके असतात. रविवारी नाव नोंदवून ताटकळावेही लागते. मळ्यातील मिसळीला जागेचे गुण अधिक मिळतात आणि जुन्या हॉटेलातील रश्श्याची धार तिला क्वचितच येते, असे म्हणणारे जुने नाशिककर अगदीच चुकीचे नाहीत. राजकीय कार्यकर्त्यांनीही हा प्रकार उचलला असून निवडणुकीच्या काळात मिसळ पार्ट्यांना ऊत येतो. शाकाहारी, स्वस्त आणि सकाळीच उरकणारा बेत असल्यामुळे त्यात कोणाला बोलावण्याची अडचण पडत नाही.

याच गंगापूर धरणाच्या परिसरात नाशिकची दुसरी, तुलनेने नवी खाद्यसंस्कृती उभी राहिली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केल्यानंतर जिल्ह्यात वाइननिर्मिती वाढली. शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक, शिराझ या वाइनसाठीच्या द्राक्षांच्या जाती खाण्याच्या थॉम्पसन द्राक्षाहून वेगळ्या असतात. बागेत बसून वाइन चाखण्यासाठी मुंबई-पुण्याहून पाहुणे येतात आणि स्थानिक मित्र त्यांना हौसेने घेऊनही जातात. तथापि अशा मुक्कामाची दुसरी सकाळ बहुतेक वेळा मिसळीच्या टेबलावरच उजाडते. वाइनने मिसळीची जागा घेतलेली नाही, आणि दोन्हींची वेळ वेगळी असल्याने तशी स्पर्धाही नाही.

प्रथेतील खरी अडचण उपवासाची. एकादशी, संकष्टी किंवा श्रावणी सोमवार सुट्टीच्या दिवशी आला की मंडळी दुभंगतात, कारण मिसळीच्या हॉटेलात उपवास करणाऱ्यासाठी चहापलीकडे फारसे काही नसते. अशा वेळी मेन रोड भागातील सायंताराच्या साबुदाणा वड्याकडे मोर्चा वळवतात, किंवा उपवास करणाऱ्यासाठी वडे बांधून घेऊन उरलेले सगळे मिसळीला जातात.