डोळे येण्याची साथ आली कुठून

पावसात डोळे येणं कोकणात कोणाला नवीन नाही. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कोमट पाण्यात कापूस बुडवून चिपडं सोडवायची, आणि घरातलं कोणीतरी तगरीच्या फुलांचा रस घाल म्हणून मागे लागलेलं (तो घालू नका प्लीज). पण जिच्यात एका दिवसात डोळा रक्तासारखा लाल होतो आणि जी बघता बघता अख्खी वाडी धरते, ती साथ तशी अलीकडची.

तिची पहिली नोंद १९६९ ची, घानातल्या अक्रा शहरातली. कारण निघालं एन्टेरोव्हायरस ७० नावाचा व्हायरस, पोलिओच्याच कुळातला. १९७० ला सिंगापूरच्या साथीत त्याच कुळातला दुसरा सापडला, कॉक्सॅकी ए२४ चा एक प्रकार. १९७१ ला साथ भारतात आली, मुंबईतही. तेव्हा आपल्याकडची कितीतरी माणसं गिरणगावात एकेका खोलीत दाटीवाटीने राहायची, बादली एक, टॉवेल तोच, मग साथीला अजून काय पाहिजे होतं!

त्या साथीनंतर मुंबईत काही पेशंट वेगळीच तक्रार घेऊन यायला लागले, म्हणजे डोळे बरे झालेले आणि नंतर कंबर-पाय दुखून पाय लुळे पडलेले, पोलिओसारखे, तेही मोठ्या माणसांचे. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या साथीशी याचा संबंध जोडला आणि १९७३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. असं होणं दुर्मिळच, पण मुंबईच्या डॉक्टरांचं हे काम आपल्याकडे फारसं कोणाला माहीतच नाही याचं खरंच वाईट वाटतं.

पुढे ७० नंबरवाला मागे पडला, ए२४ मात्र परत परत येत राहिला. २०२३ च्या पावसात महाराष्ट्रभर डोळे आले तेव्हाही देशात तपासलेल्या नमुन्यांत तोच निघाला. त्या वर्षी चाकरमानी गणपतीला येतील तेव्हा काय होईल याचीच घरोघरी धास्ती.

नुसतं बघून डोळे येत नाहीत, हात, रुमाल, उशी यातून येतात. या व्हायरसला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं म्हणून सॅनिटायझर त्याच्यावर कमी चालतो, साबणाने चोळून धुतलेलेच हात बरे. बहुतेकांचं आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप बरं होतं, अँटिबायोटिक ड्रॉपने व्हायरस मरत नाही. खरी भीती मेडिकलमधून न विचारता आणलेल्या स्टिरॉइड ड्रॉपची, कारण लाल डोळा कधीकधी हर्पिस नावाच्या दुसऱ्याच व्हायरसचाही असतो आणि त्यात नुसतं स्टिरॉइड पडलं तर बुबुळावरची जखम पसरून नजर जाऊ शकते.