नैसर्गिक प्रयोग (अर्थशास्त्र) : शाळा, विवाह आणि बेळगाव सीमाभाग

नैसर्गिक प्रयोग : एखाद्या धोरणाचा किंवा संस्थेचा परिणाम मोजण्याची अर्थशास्त्रातील पद्धत. कायदा लागू होण्याची तारीख, प्रशासकीय हद्द किंवा सोडत अशा कारणांनी एरवी सारख्याच असलेल्या लोकांचे दोन गट पडतात. कोण कुठल्या गटात जाणार हे त्यांच्या मर्जीवर नसते, म्हणून पुढे दिसणारा फरक त्या कारणाचा मानता येतो. डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स यांच्या २०२१ च्या नोबेल पारितोषिकामागे या धाटणीचे काम होते.

शाळेची परिणामकारकता हा या पद्धतीचा जुना विषय. दहावीचा निकाल लागला की बेळगाव-खानापूरकडे शाळांच्या फाटकांवर ‘१०० टक्के निकाल’ असे फलक झळकतात. त्या आकड्यात शाळेचे शिकवणे असतेच. शिवाय घरातली शिकलेली आई असते, शिकवणीची फी असते आणि कच्ची म्हणून नववीतच वाटेला लावलेली मुलेही असतात, म्हणजे ती नसतात. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने सहा लाखांवर विद्यार्थ्यांची माहिती तपासून दाखवले, की गुणांतला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जोडलेला आहे. तेव्हापासून अभ्यासक अंतिम गुणांपेक्षा मूल्यवर्धनाकडे, म्हणजे मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होते आणि अखेरीला कुठे पोचले याकडे पाहतात. या मापाने फलक नसलेली एखादी वाडीवरची शाळा पुढे निघू शकते.

मुद्दाम सोडत काढून केलेले प्रयोगही झाले. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणी वेगळे बसवून शिकवत. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांच्या २००७ च्या निबंधानुसार दुसऱ्या वर्षी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांत ही वाढ चांगलीच म्हणावी लागेल.

सीमाभागात यापेक्षा जिव्हाळ्याचा प्रश्न शाळेच्या माध्यमाचा. तरुण जैन यांनी २०१७ च्या अभ्यासात वसाहतकाळातले असे जिल्हे निवडले, जिथली भाषा प्रांताच्या राजभाषेहून वेगळी होती. तिथे साक्षरता १८.८ टक्क्यांनी आणि पदवीधरांचे प्रमाण २७.६ टक्क्यांनी कमी आढळले. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेनंतर ते जिल्हे इतरांच्या बरोबरीला आले. पण या मोजणीचे एकक जिल्हा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगाव जिल्ह्याच्या पोटातच दोन भाषा नांदतात : सौंदत्ती-रामदुर्गकडे कन्नड, खानापूर-निपाणीकडे बहुतांशी मराठी. जिल्ह्याची सरासरी काढली की ही दुसरी, मराठी बाजू आकड्यात विरून जाते.

विवाहाशी निगडित भेदमूलक कायद्यांच्या अभ्यासात मात्र हा प्रदेश नेमका कामाचा ठरतो. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध वाटा देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती महाराष्ट्रात २२ जून १९९४ ला, तर कर्नाटकात ३० जुलै १९९४ ला लागू झाली. दोन्हीकडे अट एकच : त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला हक्क नाही. मुलग्याला लग्नाची तारीख कोणी विचारत नव्हते. समजा त्या जूनच्या अखेरीस, एकाच मुहूर्तावर महाराष्ट्रातल्या चंदगडच्या एका मुलीचे आणि कर्नाटकातल्या खानापूरच्या दुसरीचे लग्न लागले, आणि दोघींच्या वडिलांची जमीन त्यांच्या-त्यांच्या गावातच आहे. चंदगडची वाटेकरी झाली, खानापूरची वंचित राहिली. केंद्रीय दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट काढली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

या तारखेच्या रेषेवरच अभ्यास उभे राहिले. डाइनिंगर, गोयल आणि नागराजन यांना २०१३ मध्ये आढळले, की दुरुस्तीनंतर मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली, तरी भेद बराच उरला. मुलींचे शिक्षण मात्र निश्चित वाढले. जमिनीऐवजी शाळेच्या रूपाने वाटा दिला गेला, असा एक अर्थ त्यातून निघतो. हक्कसोडपत्रावर सही करून भावाकडून साडी घेतलेल्या बहिणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. भलोत्रा, ब्रुले आणि रॉय यांचा निष्कर्ष अधिक कटू आहे : मुलगी वाटेकरी होणार म्हटल्यावर मुलग्याचा हव्यास वाढला.

लग्नाचे वय हा दोन्ही विषयांना जोडणारा धागा. फील्ड आणि अँब्रस यांनी २००८ मध्ये बांगलादेशाबाबत दाखवले, की ११ ते १६ वयात लग्न एका वर्षाने लांबले तर मुलीचे शिक्षण ०.२२ वर्षाने वाढते. भारतात किमान वयच मुलीला १८ आणि मुलाला २१ असे वेगळे आहे. कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला.

सीमेवरच्या तुलनेत एक अडचण कायम राहते. लोक हद्दीला जुमानत नाहीत. खानापूर-चंदगड, निपाणी-कागल असा रोटीबेटी व्यवहार पूर्वापार चालू आहे. पाहणी करणारा बाईची नोंद सासरी करतो आणि तिच्या वाट्याचा उतारा माहेरच्या राज्यात असतो. म्हणून प्रश्नावलीत माहेरचे गाव, लग्नाचा महिना आणि भावंडांच्या वाट्याची जमीन विचारावी लागते.