साठ मिनिटांचा वाद : पॉइंट गार्ड मोजावा की पाहावा?

५ जानेवारी १९९७ रोजी व्हँकुव्हर ग्रिझलीजविरुद्धच्या सामन्यात लॉस एंजेलिस लेकर्सचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून संघाचा हल्ला रचणारा खेळाडू, निक व्हॅन एक्सेल याच्या नावावर २३ असिस्ट नोंदवले गेले. एनबीएमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, एका सामन्यात दहा असिस्ट झाले तरी गार्डचे कौतुक होते, तेव्हा हा आकडा किती मोठा आहे याची कल्पना यावी. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्या सामन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसानेच जाहीरपणे सांगितले की, त्या दिवशी आपण मुद्दाम सढळ हाताने असिस्ट वाटले होते आणि कोणी आक्षेप घेतो का ते पाहत होतो. आक्षेप कोणीही घेतला नाही.

‘आकडे खोटे बोलत नाहीत’ असे ठामपणे म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग नेहमी सांगतो. ज्या पासमुळे सहकाऱ्याला थेट बास्केट करता येते, तो पास म्हणजे असिस्ट. या व्याख्येतला ‘थेट’ हा शब्द फूटपट्टीने मोजता येत नाही. पास मिळाल्यावर सहकाऱ्याने दोनदा ड्रिबल केले, बचावपटूला हुलकावणी दिली आणि मग चेंडू टाकला, तर श्रेय कोणाचे, हे बाजूला बसलेला एक माणूस क्षणात ठरवतो. म्हणजे गार्डच्या कामाचा जो आकडा सर्वांत वस्तुनिष्ठ समजला जातो, तोही मुळात कोणीतरी सामना पाहून दिलेले मतच असते.

शिवाय कोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची, हेही टप्प्याटप्प्याने ठरत गेलेले आहे. चेंडू हिसकावणे आणि अडवणे यांची अधिकृत नोंद एनबीएने १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली, तर गमावलेल्या चेंडूंची, म्हणजे टर्नओव्हरची, १९७७-७८ पासून. त्यापूर्वीचा एखादा गार्ड चेंडू किती जपून वापरत असे, हे आज कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. रसेल वेस्टब्रुकने २०१६-१७ च्या हंगामात सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड (नेम चुकून परतलेला चेंडू ताब्यात घेणे) आणि १०.४ असिस्ट मिळवले आणि ऑस्कर रॉबर्टसननंतर ५५ वर्षांनी पूर्ण हंगामाची सरासरी तिन्ही रकान्यांत दोन अंकी झाली. त्यावरून जो वाद पेटला, त्यातील बहुतेक मंडळी एक साधा प्रश्न विसरली. दहाव्या रिबाउंडचे मोल नवव्यापेक्षा अधिक का असावे? आपण दशमान पद्धतीत मोजतो, याखेरीज त्याला दुसरे कारण नाही.

आता डोळ्यांकडे वळू. गार्डचा मोठेपणा खरा दिसतो तो ‘पिक-अँड-रोल’मध्ये. उंच सहकारी वाटेत खांबासारखा उभा राहतो, गार्ड चेंडू घेऊन त्याला वळसा घालतो आणि गार्डचा बचावपटू त्या खांबात अडकतो. सामान्य गार्ड इथे लगेच पास देतो किंवा घाईने चेंडू टाकतो. स्टीव्ह नॅश मात्र ड्रिबल न थांबवता बास्केटखालून पार पलीकडे जाई आणि पुन्हा बाहेर येई, आणि तेवढ्या दोन-अडीच सेकंदांत दोन बचावपटू आपण कोणाला धरायचे या संभ्रमात अडकून पडत. तेवढ्यात कोपऱ्यातला सहकारी मोकळा होतो, त्याच्याकडे चेंडू जातो, तो आणखी मोकळ्या असलेल्या चौथ्याकडे देतो आणि चौथा बास्केट करतो. तक्त्यात चौथ्याला गुण मिळतात, कोपऱ्यातल्याला असिस्ट मिळतो आणि ज्याने हे सारे घडवले त्या गार्डच्या नावापुढे शून्य राहते. स्टीफन करीच्या बाबतीत तर चेंडू त्याच्या हातात असावा लागत नाही. तो दूर नुसता उभा असला तरी त्याचा बचावपटू मदतीला आत जायला धजत नाही आणि बाकीचे आठ जण जणू चार विरुद्ध चार खेळतात.

हे सारे डोळ्यांना दिसते, म्हणून डोळ्यांवरच विसंबावे असा निष्कर्ष निघत नाही. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो, त्यामुळे चेंडूपासून दूर गार्ड बचाव करताना झोपला होता की जागा होता, हे अनेकदा चौकटीतच येत नाही. पाठीमागून दिलेला एक पास आपल्याला वर्षभर आठवतो, पण योग्य वेळी दिलेले चाळीस साधे पास दुसऱ्या दिवशीही आठवत नाहीत.

चेंडूभोवतीच्या घटना मोजण्याचा नाद सोडून थेट परिणामच मोजावा, ही कल्पना आइस हॉकीतून आली आणि तिचे नाव ‘प्लस-मायनस’. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने किती गुण केले आणि किती दिले, यांतला फरक म्हणजे त्याचे प्लस-मायनस. चौथ्याचे बास्केट असो वा कोपऱ्यातल्याचा असिस्ट, गार्ड मैदानात असेल तर त्याच्या खात्यात भर पडतेच. कल्पना सुंदर आहे, परंतु तिला दोन रोग आहेत.

पहिला रोग योगायोगाचा. एनबीएच्या सामन्यातील अंतिम फरक अपेक्षेपेक्षा दोन्हीकडे हलतो आणि या हलण्याचे प्रमाण विचलन सुमारे १२ गुण असते. आपला गार्ड ८२ सामन्यांत दर सामन्याला ४८ पैकी ३४ मिनिटे खेळला, तर त्याच्यासह खेळलेला वेळ सुमारे ५८ पूर्ण सामन्यांएवढा होतो आणि त्याच्याविना खेळलेला वेळ जेमतेम २४ सामन्यांएवढा. सरासरीतील त्रुटी सामन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते, म्हणून १२ ला ५८ च्या वर्गमुळाने भागले की १.६ गुण आणि २४ च्या वर्गमुळाने भागले की २.४ गुण अशा दोन त्रुटी मिळतात. पायथागोरसच्या त्रिकोणात कर्ण काढतो तशा त्या एकत्र केल्या की गार्ड असताना आणि नसताना यांतील तफावतीची त्रुटी सुमारे ३ गुण येते. उत्तम गार्ड आणि सामान्य गार्ड यांतले अंतरच मुळात काही गुणांचे असते. म्हणजे संपूर्ण हंगाम मोजूनही काटा अंतराएवढाच थरथरतो, तर वीस सामने पाहून डोळ्यांनी दिलेल्या निकालाची काय कथा!

दुसरा रोग अधिक खोल आहे आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. जॉन स्टॉकटनच्या नावावर १५,८०६ असिस्ट आहेत, आणि तो यूटा जॅझकडून १९ हंगामांत फक्त २२ सामने मुकला. त्याचा जोडीदार कार्ल मलोन यूटासाठी १८ हंगामांत फक्त १० सामने मुकला. स्टॉकटनने पास द्यायचा आणि मलोनने बास्केट करायचे, असे दोन दशके चालले. यात मोठा वाटा कोणाचा? दोघे कायम बरोबरच असतील, तर नुसता निकाल पाहून हे ठरवणे अशक्य आहे. अ आणि ब यांची बेरीज ८ आहे एवढेच सांगून अ विचारावा, तसा हा प्रश्न आहे.

यावर उपाय म्हणून प्रत्येक खेळाडूची किंमत एक अज्ञात राशी मानायची आणि बदली खेळाडू येईपर्यंतचा प्रत्येक तुकडा एक समीकरण मानायचा. मैदानातील आपल्या पाच जणांची बेरीज वजा प्रतिस्पर्ध्यांच्या पाच जणांची बेरीज म्हणजे त्या तुकड्यातला गुणफरक. हंगामात अशी हजारो समीकरणे मिळतात आणि अज्ञात राशी काही शेच असतात, तेव्हा सर्वांत कमी चूक देणारे उत्तर काढता येते. वेन विन्स्टन आणि जेफ सॅगरिन यांनी डॅलस मॅव्हरिक्ससाठी अशी पद्धत उभारली आणि डॅन रोझेनबॉम यांनी २००४ मध्ये तिचे एक रूप सर्वांसमोर मांडले.

आता एक छोटे गणित करू. खरे खेळाडू घेतले तर समीकरणांचे रान माजेल, म्हणून काल्पनिक गार्ड ‘ग’ आणि सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, ‘स’ घेऊ, आणि बाकी सर्वांची किंमत शून्य मानू. दोघे मिळून १,५०० मिनिटे खेळले आणि दर ४८ मिनिटांमागे संघ ८ गुणांनी पुढे राहिला. ‘स’ विश्रांती घेत असताना ‘ग’ फक्त ६० मिनिटे खेळला आणि त्यात संघ १४ च्या दराने पुढे राहिला. मग ग + स = ८ आणि ग = १४, म्हणून स = –६. ज्या सेंटरच्या साथीने संघ १,५०० मिनिटे जिंकत होता, तो या हिशेबाने संघाला बुडवणारा ठरतो! त्या ६० मिनिटांत प्रतिस्पर्ध्यांचे चुकलेले तीन गुणांचे दोन प्रयत्न बास्केटमध्ये गेले असते, तर सहा गुण कमी झाले असते, म्हणजे ४८ मिनिटांमागे ४.८. मग ग = ९.२ आणि स = –१.२ झाले असते. रिंगवरून दोन चेंडू आतल्या बाजूला घरंगळले की दोन माणसांच्या किमती जवळजवळ पाच-पाच गुणांनी हलतात. १,५०० मिनिटांचा पुरावा केवळ बेरीज सांगतो आणि वाटणीचा सगळा भार ६० मिनिटांवर पडतो.

अशा अडचणीवर आर्थर होर्ल आणि रॉबर्ट केनार्ड यांनी १९७० मध्ये ‘रिज रिग्रेशन’ नावाची युक्ती मांडली. कमीत कमी चूक शोधताना तीत मोठ्या उत्तरांना दंड लावायचा. आपल्या उदाहरणात हा दंड असा समजता येतो की, प्रत्येक खेळाडू आधी ३०० मिनिटे खेळून चुकला आहे आणि त्या काळात त्याचा परिणाम बरोबर शून्य होता. या काल्पनिक ३०० मिनिटांसह पुढील राशी लघुतम करायची :

१५०० (ग + स – ८)² + ६० (ग – १४)² + ३०० (ग² + स²)

अवकलन करून शून्याशी समीकरण मांडले की १८६० ग + १५०० स = १२,८४० आणि १५०० ग + १८०० स = १२,००० अशी दोन समीकरणे मिळतात. ती सोडवली की ग = ४.७ आणि स = २.८ असे उत्तर येते. आता ते दोन चेंडू आत गेले असे मानून पुन्हा सोडवा, म्हणजे १४ च्या जागी ९.२ घाला. ग = ४.२ आणि स = ३.२. पूर्वी जिथे पाच गुणांची उलथापालथ होत होती, तिथे आता अर्ध्या गुणाएवढीच हालचाल होते. ज्या वाचकांनी वरचे गणित ओलांडून इथे उडी मारली असेल, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, थोडा पक्षपात मुद्दाम पत्करून आपण बरीच अस्थिरता टाळली. जो सामने पाहतो आणि ज्याला सेंटर बुडवा आहे हे मुळीच पटत नाही, त्याच्या सामान्यज्ञानाच्या हे उत्तर अधिक जवळ आहे. बास्केटबॉलच्या माहितीला ही युक्ती लावल्याने भाकिते सुधारतात, हे जो सिल यांनी २०१० मध्ये दाखवले.

मात्र त्या ३०० मिनिटांच्या शून्याकडे नीट पाहिले पाहिजे. ते मैदानातून आलेले नाही, आपण आणलेले आहे. आणि आणायचेच असेल तर शून्यच का? ‘ग’ दोन बचावपटूंना गुंतवून ठेवतो, हे जाणत्या निरीक्षकाने पाहिले असेल, तर त्याच्यासाठी सुरुवातीचा अंदाज शून्याऐवजी २ धरता येतो. म्हणजे या गणितात पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी एक जागा आधीपासूनच राखलेली आहे. दुसरी उणीव अशी की, या समीकरणांत माणसांच्या किमतींची निव्वळ बेरीज होते. चेंडू सतत हातात हवा असणारे दोन गार्ड एकत्र खेळवले, तर त्यांच्यातला एक जण बराच वेळ नुसता उभा राहतो. कागदावर ४ आणि ४ मिळून ८ होत असले, तरी मैदानात तसे होईलच असे नाही.

या विषयाभोवती भंपकपणाही पुष्कळ आहे. गुप्त सूत्रातून काढलेल्या एकाच आकड्याने दशांश चिन्हापर्यंत क्रमवारी लावणारे एका बाजूला आहेत आणि ‘निर्णायक क्षणी जिंकणे त्याच्या रक्तातच आहे’ असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. पहिले त्रुटी सांगत नाहीत आणि दुसरे हरलेले निर्णायक क्षण मोजत नाहीत. संशोधकांनीही फार ताठा बाळगू नये. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८५ मध्ये ‘हात तापणे’, म्हणजे लागोपाठ बास्केट झाले की पुढचेही होण्याची शक्यता वाढते ही समजूत, हा भ्रम असल्याचे दाखवले आणि तीस वर्षे प्रेक्षकांना हसण्याची प्रथा पडली. परंतु जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सान्हुर्हो यांनी २०१८ मध्ये त्या मोजणीतलीच एक सूक्ष्म चूक दाखवली. नाणे तीनदा उडवले आणि ‘छाप्यानंतर छापा’ येण्याचे प्रमाण प्रत्येक मालिकेसाठी वेगळे काढून त्यांची सरासरी घेतली, तर ती १/२ येत नाही, ५/१२ येते. विश्वास बसत नसेल तर आठही मालिका लिहून पाहाव्यात. ज्या दोन मालिकांत हे प्रमाण काढताच येत नाही, त्या वगळाव्यात.

२०१३-१४ पासून एनबीएच्या प्रत्येक मैदानाच्या छताशी सहा कॅमेरे आले आणि ते प्रत्येक खेळाडूची जागा सेकंदाला २५ वेळा टिपू लागले. त्यामुळे सहकाऱ्याचा नेम चुकल्याने वाया गेलेले पास आणि असिस्टच्या आधीचे पास मोजता येऊ लागले, आणि नॅशसारख्याच्या नावापुढचे ते शून्य काही प्रमाणात भरून निघाले. वाटणीचा प्रश्न मात्र कॅमेऱ्यांनीही सुटलेला नाही, कारण दोघे कायम एकत्र असतील तर त्यांच्या जागा कितीही बारकाईने टिपल्या तरी ‘ग’ नसता तर काय झाले असते, हे कोणत्याही चित्रफितीत नसते.

अशा वेळी मी स्वतः काय करीन, ते सांगतो. संपूर्ण हंगाम पुन्हा पाहणे कोणालाच परवडणारे नाही, आणि तो पाहूनही काटा तीन गुणांनी थरथरतच राहणार आहे. पण सगळा वाद कोणत्या ६० मिनिटांवर तोलला आहे, हे समीकरणांनी बिनचूक दाखवले आहे, आणि ६० मिनिटे एका बैठकीत पाहून होतात. त्या वेळात प्रतिस्पर्ध्यांचे जे प्रयत्न चुकले, ते हात तोंडासमोर असताना चुकले की मोकळे उभे राहूनही चुकले? हात समोर असेल, तर तो ‘ग’चाच होता की दुसऱ्या कोणाचा? ‘स’च्या जागी आलेल्या राखीव सेंटरने ‘ग’साठी बचावपटूची वाट अडवली का? चौकटीबाहेर राहिलेल्या कोपऱ्यासाठी दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्रण मिळत असेल तर तेही पाहावे. चुकलेल्यांपैकी बरेच प्रयत्न मोकळ्या नेमबाजांचे निघाले, तर ४.७ वरून ४.२ कडे सरकावे. तसे निघाले नाहीत, तर ४.७ वर राहावे.