पुढचे पाय धरून उभं केल्याने कुत्र्याची कंबर मजबूत होत नाही

लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डच्या पिल्लाला मागच्या पायांवर उभं केलं की कंबर भरते, हा सल्ला चुकीचा आहे. चार पायांवर सुमारे ६० टक्के वजन पुढचे पाय पेलतात. दोन पायांवर ते सगळं खुब्यांवर आणि गुडघ्यांवर येतं, पाठीचा खालचा भाग ताणला जातो. या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की तो सांधा आणखी दुखावतो. हाडांची वाढ साधारण दीड वर्ष चालते, तोवर हा प्रकार नकोच.

त्याऐवजी रबरी चटईवर पाच वेळा सावकाश बसवा-उठवा. शेकहँडही बसूनच. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकत असेल, तर सगळं थांबवून पशुवैद्याकडून खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.