शिसं शरीरात जातं कुठून आणि राहतं कुठे

लोह लागतं, जस्त लागतं, तांबंसुद्धा थोडंसं लागतं, पण शिसं आपल्या शरीराला कशालाच लागत नाही. तरी ते आत शिरतं, कारण शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं. आतड्यातून कॅल्शियम आत घ्यायची जी वाट आहे तीच ते वापरतं, मग रक्तात, मेंदूत आणि शेवटी हाडांत. रक्तातलं शिसं महिना दीड महिन्यात निम्मं होतं पण हाडांतलं वीस-तीस वर्षं राहू शकतं, आणि बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं त्याच्यासोबत हे जुनं शिसंही निघतं आणि नाळेतून बाळाकडे जातं. म्हणजे आईने लहानपणी खाल्लेली धूळ बाळाला भोवते. मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं.

लहान मुलांना धोका जास्त, कारण ती रांगतात, हात तोंडात घालतात, आणि तेवढंच शिसं पोटात गेलं तर मोठ्यांच्या चार-पाच पट जास्त शोषून घेतात. मेंदूत पेशी एकमेकींना निरोप देतात ते कॅल्शियमच्या इशाऱ्यावर, तिथे हे खोटं कॅल्शियम गडबड करतं. मुलाला ताप येत नाही, पुरळ येत नाही, फक्त लक्ष लागत नाही, शिकायला वेळ लागतो, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात अभ्यासच करत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी शाळेतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं, ज्यांच्या दातांत जास्त त्यांचा बुद्ध्यांक कमी आणि वर्गातलं लक्षही कमी, आणि ही मुलं वरून अगदी ठणठणीत होती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही.

युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणाऱ्या प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या रिपोर्टमधला अंदाज असा की जगात ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आहे, त्यातली २७ कोटींहून जास्त भारतातली. आपल्याकडे अजून एक अडचण म्हणजे ॲनिमिया. एनएफएचएस-५ या २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीनुसार देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना ॲनिमिया होता, आणि अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, वर शिसं स्वतःच हिमोग्लोबिन बनू देत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार.

पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० साली बंद झालं, त्याचा फायदा खरंच मोठा आहे. अमेरिकेतही ते बंद झालं, तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटी लहान मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे सरासरी १५ मायक्रोग्रॅम होतं, आता एकच्याही खाली आहे. मग आता येतं कुठून? जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या, जुन्या ऑइलपेंटचे पोपडे (रंगात शिसं ९० पीपीएमपर्यंतच, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ही मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून आहे, त्याआधीच्या दारं-खिडक्यांचं काय ते बघा), काही सुरमा, कल्हईच्या कथलात मिसळलेलं शिसं. आणि शेंदूर, मूर्तीला लावतात तो, तो पारंपरिकपणे शिशाचाच ऑक्साइड असतो. श्रद्धेचा प्रश्न नाही, फक्त मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि तीर्थात, प्रसादात पडू देऊ नका.

हळदीचं वेगळं सांगायला हवं. हळकुंड पिवळंधमक दिसावं म्हणून पॉलिश करताना काही जण लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, चोळतात. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरात भिजून हळद काळपट पडली तेव्हा हे सुरू झालं आणि मग रूढच झालं. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने बाजारात शिसं ओळखणारं मशीन घेऊन तपासण्या केल्या, दंड केले, बातम्या दिल्या, आणि ४७ टक्के नमुन्यांत सापडणारी भेसळ २०२१ पर्यंत शून्यावर आली. एवढं फास्ट होऊ शकतं! घरी बघायचं तर अख्खं हळकुंड ग्लासभर पाण्यात टाका, लगेच भडक पिवळा रंग सुटला तर ते वापरू नका.

शंका असेल तर डॉक्टरांना विचारून 'ब्लड लेड', म्हणजे रक्तातल्या शिशाची, टेस्ट करा. ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर शिसं बाहेर काढायची औषधं देतात, पण मेंदूचं झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही, आणि त्याखाली मुख्य उपचार एकच, शिसं येतंय कुठून ते शोधून बंद करणं. सोबत नाचणी, दूध, पालेभाज्या, लिंबू, म्हणजे कॅल्शियम, लोह आणि सी व्हिटॅमिन, कारण उपाशी पोटी शिसं जास्त शोषलं जातं. लादी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. घरात कोणी बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामावर असेल तर त्यांनी कपडे बदलून, हातपाय धुऊनच बाळाला घ्यावं आणि ते कपडे वेगळे धुवावेत.