हिपोक्रेटिस, पण कोणता?

हिपोक्रेटिस म्हटलं की आपल्याला कॉस बेटावरचा वैद्य आठवतो. त्याच शतकात, म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकात, किऑस बेटाचा आणखी एक हिपोक्रेटिस होऊन गेला. तो गणिती होता. वर्तुळाच्या कंसांनी बनलेल्या चंद्रकोरीचं क्षेत्रफळ एका त्रिकोणाएवढं भरतं, हे त्याने सिद्ध केलं. इतकी देखणी सिद्धता मांडणारा माणूस केवळ नाव सारखं म्हणून वैद्याच्या मागे झाकला जावा, याची मला खरोखर हळहळ वाटते.

प्राचीन ग्रीकांत आडनावं नव्हती. नाव एकच, ओळख पटवायला वडिलांचं नाव. होमरच्या ‘इलियड’मध्ये दोन एजॅक्स एकत्र लढतात: तेलामोनचा मुलगा धिप्पाड, तर ओइलियसचा मुलगा लहान चणीचा, पण पळण्यात चपळ. नुसतं ‘एजॅक्स’ म्हणून तिथे भागत नाही.

त्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. अथेन्सच्या एका धनाढ्य घराण्यात कॅलियासचा मुलगा हिप्पोनिकस, त्याचा मुलगा पुन्हा कॅलियास, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. अशा घरात वडिलांचं नाव सांगूनही उलगडा होत नाही, कारण आजोबा आणि नातू दोघेही ‘हिप्पोनिकसचा कॅलियास’! इ.स.पू. 414मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसने आपल्या ‘पक्षी’ या नाटकात या घराण्याच्या नावांवर विनोदही केला आहे. अभ्यासकांना मात्र ही रीत उपयोगी पडते. एक पिढी सोडून तेच नाव दिसलं, की वंशावळीतली रिकामी जागा भरायला धागा मिळतो.

इ.स.पू. 508च्या सुमारास क्लाइस्थेनिस या पुढाऱ्याने अथेन्सच्या नागरिकांची गाववार नोंदणी केली. पुढे नाव आणि वडिलांच्या नावासोबत गावही लिहिलं जाऊ लागलं. नको असलेल्या पुढाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करण्यासाठी अथेन्सचे लोक खापरांवर त्याचं नाव कोरून मत देत. केरामेइकोस भागात 1960च्या दशकात अशी हजारो खापरं निघाली. त्यांतल्या चार हजारांहून अधिक खापरांवर मेगाक्लीस हे नाव आहे. हा क्लाइस्थेनिसचा पुतण्या. त्याच्या घराण्यात मेगाक्लीस अनेक होते, पण काही मतदारांनी वडिलांचं नावही कोरल्यामुळे शंका उरत नाही. ते नाव होतं हिपोक्रेटिस, म्हणजे आणखी तिसराच!

पुस्तकांच्या नकला होत गेल्या की मात्र गाव आणि वडील गळून पडतात. भूमितीकार युक्लिड इ.स.पू. 300च्या सुमारास अलेक्झांड्रियात होता. मेगाराचा युक्लिड हा सॉक्रेटिसचा शिष्य, जवळपास शंभर वर्षं आधीचा तत्त्वज्ञ. मध्ययुगात दोघांचा एकच माणूस झाला. झाम्बेर्तीने युक्लिडच्या भूमितीग्रंथाचं लॅटिन भाषांतर केलं; 1505मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्या भाषांतरातही ग्रंथाचा कर्ता म्हणून मेगाराचा युक्लिडच होता. 1572मध्ये कोमांदिनोने आपल्या भाषांतरात ही चूक दुरुस्त केली.