ॲपमधल्या खासगीपणाची कुळकथा

नवं ॲप उघडलं की ते लोकेशन मागतं, कॅमेरा मागतं, संपर्क-यादी मागतं. आपण हो किंवा नाही म्हणतो आणि पुढे जातो. हा प्रश्न इतका अंगवळणी पडलाय की एके काळी तो विचारलाच जात नव्हता, हे विसरायला होतं. त्यातही, तो विचारला म्हणजे खासगीपणाची काळजी मिटली, असा समज ॲप वापरणाऱ्यांमध्येही आहे आणि बनवणाऱ्यांमध्येही. मागच्या दीड दशकाचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही.

जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप्स घेऊन सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलचं अँड्रॉइड मार्केट (आताचं प्ले स्टोअर) आलं. अँड्रॉइडवर ॲप बसवण्याआधी परवानग्यांची लांबलचक यादी दिसायची. ती सगळी मान्य करा, नाहीतर ॲप घेऊ नका. एखादी परवानगी द्यायची आणि दुसरी नाकारायची, ही सोय नव्हती. आयफोनवर लोकेशनसाठी विचारणा व्हायची, पण संपर्क-यादी कोणतंही ॲप न विचारता वाचू शकत होतं. दुकानात येण्याआधी ॲपलची माणसं प्रत्येक ॲप तपासतात, एवढ्यावर सगळ्यांचा भरवसा होता.

त्या भरवशाला फेब्रुवारी २०१२ मध्ये तडा गेला. पाथ नावाचं एक सोशल ॲप तेव्हा चांगलंच गाजत होतं. सिंगापूरमधल्या एका डेव्हलपरला (ॲप बनवणाऱ्याला) हॅकेथॉनसाठी, म्हणजे झटपट प्रोग्रामिंगच्या स्पर्धेसाठी, त्याची मॅकवर चालणारी आवृत्ती करून पाहायची होती. ॲप कंपनीच्या सर्व्हरशी काय बोलतं हे कळावं म्हणून त्याने मिटमप्रॉक्सी हे ये-जा करणारा डेटा दाखवणारं साधन मध्ये लावलं, आणि त्याला दिसलं की फोनमधली अख्खी संपर्क-यादी, नावं, ईमेल आणि फोन नंबरांसकट, कंपनीच्या सर्व्हरवर चालली आहे. मित्र शोधून देण्याच्या सोयीसाठी हे केलेलं होतं. त्यासाठी कुठलंही कुलूप फोडावं लागलं नव्हतं. आयफोनने ते दार उघडंच ठेवलं होतं आणि इतर ॲप्सही त्यातून ये-जा करत होती. कंपनीने माफी मागून जमवलेला डेटा पुसला. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या आयओएस ६ या आयफोनच्या प्रणालीपासून संपर्क, कॅलेंडर आणि फोटोंसाठी परवानगी विचारली जाऊ लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पाथला ८ लाख डॉलरचा दंड केला. तो मात्र लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेतल्याबद्दल होता.

अँड्रॉइडला इथवर यायला २०१५ उजाडलं. मध्यंतरी २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ मध्ये ॲप ऑप्स नावाचं सेटिंगचं एक दडवलेलं पान लोकांना सापडलं होतं. त्यातून एकेक परवानगी बंद करता यायची, पण वर्ष संपायच्या आत गूगलने ते काढून घेतलं. शेवटी अँड्रॉइड ६ मध्ये गरज पडेल तेव्हा परवानगी मागण्याची पद्धत आली. पळवाट तरीही राहिली होती. आपलं ॲप जुन्या आवृत्तीसाठी बांधलेलं आहे असं सांगणाऱ्या डेव्हलपरला जुन्याच पद्धतीने सगळं एकदम मिळायचं. २०१८ मध्ये प्ले स्टोअरने नव्या आवृत्तीची सक्ती केली तेव्हा ही वाट बुजत गेली.

एक गोष्ट मात्र आजही तशीच आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इंटरनेट वापरण्याची परवानगी अँड्रॉइड वापरकर्त्याला विचारतच नाही. ॲपला काय काय लागतं हे सांगणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये डेव्हलपरने एक ओळ लिहिली की काम झालं. ती ओळ नसेल तर ॲपला स्वतः बाहेर काही पाठवता येत नाही. म्हणून नोंदवही किंवा कॅल्क्युलेटर बनवणाऱ्याच्या हातातलं सगळ्यांत भक्कम आश्वासन म्हणजे ती ओळ न लिहिणं.

पण आपण न लिहिलेली ओळही ॲपमध्ये येऊ शकते. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडची एखादी तयार लायब्ररी जोडली की ॲपची बांधणी होताना तिचा मॅनिफेस्ट आपल्या मॅनिफेस्टमध्ये मिसळला जातो. अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवण्याच्या साधनात मॅनिफेस्ट उघडून खालच्या 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' टॅबवर गेलं की खरी यादी दिसते. आपण कधीच न मागितलेलं इंटरनेट तिथे असू शकतं, जाहिरातींसाठी फोनला दिलेल्या ओळखक्रमांकाची परवानगीही असू शकते. नको ती ओळ काढून टाकायची खूण आपल्या फाइलमध्ये करता येते, पण त्यासाठी आधी तो टॅब उघडून पाहिलेला असावा लागतो.

ॲपच्या पोटात दुसऱ्यांचा किती कोड चालतो, हे २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत फेसबुकच्या सर्व्हरवर झालेल्या बदलामुळे स्पॉटिफाय, टिंडर, पिंटरेस्ट यांसारखी आयफोन ॲप्स उघडताच बंद पडू लागली. त्यांच्यात फेसबुकची एसडीके (ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) होती आणि ॲप सुरू होताच ती आपल्या सर्व्हरशी बोलत होती. फेसबुकने लॉगिन न करणाऱ्यांचीही त्यातून सुटका नव्हती. त्याच वर्षाअखेरीस ॲपल आणि गूगलने एक्स-मोड या कंपनीची एसडीके काढून टाकायला लावली. ती साध्यासुध्या ॲप्समधून लोकांचं लोकेशन गोळा करून विकत होती. वापरकर्त्याने लोकेशन दिलं होतं ते समोरच्या ॲपला. एक्सोडस प्रायव्हसी ही फ्रेंच संस्था २०१७ पासून अँड्रॉइड ॲप्समधले असे ट्रॅकर शोधून लोकांसमोर मांडते आहे.

वेगळा मार्गही २०२० मध्येच मोठ्या प्रमाणावर अजमावला गेला. करोनाच्या संपर्कशोधासाठी ॲपल आणि गूगलने मिळून जी व्यवस्था केली, तिच्यात फोन ब्लूटूथवरून सतत बदलणारे सांकेतिक क्रमांक सोडत आणि जुळणी फोनमध्येच होई. ही व्यवस्था वापरणाऱ्या ॲपला लोकेशनची परवानगी मागायलाच मनाई होती. केंद्रीय सर्व्हरचा आग्रह धरलेल्या ब्रिटनलाही जूनमध्ये आपला आराखडा सोडावा लागला. माहिती गोळाच न करता मोठं काम उभं राहतं, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये ॲप स्टोअरवर ॲप कोणती माहिती घेतं हे सांगणारी खासगीपणाची लेबलं आली, एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ ने इतर ॲप्समध्ये माग काढण्याआधी विचारणं बंधनकारक केलं आणि २०२२ मध्ये प्ले स्टोअरने तशाच माहितीसाठी डेटा सेफ्टीचा रकाना दिला. लेबलं आणि रकाना डेव्हलपरच भरतो, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

या दोन दुकानांबाहेर २०१० पासून एफ-ड्रॉइड हे अँड्रॉइड ॲप्सचं भांडार उभं आहे. तिथे फक्त मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो अशी, ॲप्स मिळतात, बहुतेकांची बांधणी एफ-ड्रॉइड स्वतः मूळ कोडवरून करतं आणि ट्रॅकर असेल तर ॲपच्या पानावर तसं बजावतं. डेव्हलपरने आपली ओळखपत्रं द्यावीत, अशी अट तिथे नाही.

आता वाद नेमका त्यावरच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने व्यापारी असल्या-नसल्याची माहिती न देणाऱ्यांची ॲप्स युरोपीय संघातल्या दुकानातून काढली. तिथल्या कायद्यानुसार व्यापारी ठरणाऱ्याचा पत्ता आणि फोन नंबर सगळ्यांना दिसतो, मग तो घरी बसून एकटा काम करणारा का असेना. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि पुढे इतरत्र, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स बसतील, मग ती प्ले स्टोअरबाहेरून घेतलेली असली तरी. आपलं काम यामुळे बंद पडेल, असं एफ-ड्रॉइडने लगेच सांगितलं. नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकार वापरकर्त्यांना ओळख न पटवलेल्या डेव्हलपरची ॲप्सही बसवता यावीत म्हणून वेगळी वाट ठेवण्याचं कबूल केलं. खासगीपणा जपणारी ॲप्स बनवणाऱ्यांत असेही लोक असतात ज्यांना स्वतःचं नाव उघड होणं परवडणारं नसतं. ही वाट त्यांच्या ॲप्सपर्यंत सामान्य वापरकर्त्याला सहज पोचू देते का, यावर माझं सगळं लक्ष आहे.